आईच्या नावाचे ठोके

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून सगळ्यात आधी सांगून टाकतो: आई बरी आहे. आत्ता आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून झोपली आहे, आणि झोपण्याआधी चहा मिळमिळीत झाल्याबद्दल मला चार शब्द ऐकवून झोपली आहे. म्हणजे चांगलीच बरी आहे. तिचं सकाळचं वजन, प्रेशर, बोटावरच्या चिमट्याचा आकडा हे सगळं तुझ्या फोनवर आलंच असेल. ते आकडे खरे आहेत. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. का, ते पुढे कळेल.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर मला तुझ्याशी 'मजेत' म्हणायची सवय लागली आहे गं. तू 'कसं चाललंय दादा' म्हणतेस, आणि मी तोंड उघडायच्या आत ते 'मजेत' बाहेर पडलेलं असतं. एकदा ते पडलं की पुढचं काही बोलता येत नाही. कागदावर निदान खोडता येतं. सकाळपासून तीन कागद फाडून झाले, हा चौथा. खाली दुकान अर्धं उघडून बसलो होतो. एका शिंपीणबाईंचं मशीन टेबलावर पोट उघडं टाकून पडलंय, उद्या द्यायचं कबूल केलंय, आणि मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून नुसता बघत बसलो होतो. शेवटी शटर ओढून तीन जिने चढून वर आलो. इथेही तेच. बसतो, उठतो, गॅस बंद आहे ना बघतो, आईच्या श्वासाकडे कान लावतो, परत बसतो. एक विनंती आहे: पहिलं पान वाचून फोन उचलू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

तू मागच्या वर्षी आली होतीस ते आठ दिवस मला अजून तासातासाने आठवतात. आईच्या फुप्फुसात पाणी झालं, ती अकरा दिवस दवाखान्यात राहिली, शेवटच्या दिवसांत तू पोचलीस, आणि डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की हृदय अशक्त झालंय, हे आता बरं होण्यातलं नाही, सांभाळण्यातलं आहे. मी तिथे भिंतीला टेकून उभा राहिलो. तू मात्र पिशवीतून वही काढलीस. दुसऱ्या दिवशी घरात खोकी यायला लागली. जमिनीवरचा काटा, दंडाचा पट्टा, बोटाचा चिमटा, मनगटाचा पट्टा, आणि या सगळ्यांचं ऐकून घेऊन ते तुला आणि दवाखान्यातल्या देखरेखीच्या सिस्टरना कळवणारा तो टॅब. तू फळीवर तो टॅब लावलास तेव्हा आई म्हणाली, "हा मला बघतो की मी त्याला बघायचं?" तू हसलीस, पण तुझं स्क्रू फिरवणं थांबलं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवलास: सकाळी उठल्यावर आधी वजन, मग चहा. तो कागद अजून आहे, त्यावर चहाचा डाग पडलाय, पण आहे.

आणि तू निघालीस त्या दुपारी मी टॅक्सीत तुझी बॅग ठेवली, म्हटलं, "इथलं मी बघतो, तू काळजी करू नकोस." टॅक्सी कोपऱ्यावर वळलीही नसेल, तोवर तुझा मेसेज आला. 'आईचे ठोके एकदम वाढलेत, रडतेय का?' मी वर जाऊन पाहिलं. रडत होती. उशीचा अभ्रा तोंडात धरून, आवाज न करता. मी तुला कळवलं, 'नाही, जिन्यापर्यंत चालून आली म्हणून.' बघ, खोटं बोलायला मी त्याच दिवशी सुरुवात केली होती.

पण आधी जे चांगलं झालं ते लिहितो, कारण तेही मी तुला धड कधी सांगितलं नाही. गेल्या थंडीत आईचं वजन तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं. मला वाटलं, भूक लागतेय, बरं आहे. मी खूश होतो! सिस्टरचा फोन आला, "काका, पायांवर बोटानं दाबून बघा, खड्डा राहतो का?" राहत होता. त्यांनी पाण्याच्या गोळीचा डोस वाढवला, मिठाचं विचारलं. आईनं मीठदाणी उशाच्या ड्रॉवरमध्ये लपवली होती, तिथे टाचण्यांच्या डब्यात. ती जप्त झाली. चार दिवसांत वजन उतरलं, श्वास मोकळा झाला, दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. तो काटा नसता तर मी आईला भूक लागली म्हणून आनंद करत बसलो असतो. तुझ्या त्या खोक्यांनी आईला वाचवलं, भिंगरी. पुढे मी जे सांगणार आहे ते वाचून 'उगाच केलं सगळं' असं म्हणू नकोस.

भांडण होतं ते मनगटाच्या पट्ट्याशी. काट्यावर आई रोज उभी राहायची, दंडाला पट्टा बांधून घ्यायची, बोट पुढे करायची. ते सगळं दोन मिनिटांचं काम, झालं की सुटका. मनगटावरचा पट्टा मात्र दिवसभर. तिनं पहिल्या महिन्यात निमूट घातला, तुझ्यासाठी. मग काढायला लागली. मी रागावलो की म्हणायची खाज सुटते. मलम आणलं. मग म्हणाली जड होतो. शेवटी एक दिवस तिनं मला समोर बसवलं आणि खरं सांगितलं. तुला माहीत आहे, ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसली. ती म्हणाली, "आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली. लाइन जोडायची आणि कान काढून घ्यायचा. कोण रडतंय, कोण भांडतंय, आपण ऐकायचं नाही. मी अख्खी नोकरी ते पाळलं. आणि आता माझ्या पोरीनं माझ्या लाइनवर कान लावून ठेवलाय. मी कूस बदलली तरी तिला कळतं. मला तिची आठवण आली तरी तिला कळतं. थोडं तरी माझं माझ्यापाशी राहू दे." मी तुला हे तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं तुला लागेल. एवढ्या लांबून तुझ्या हातात तेवढंच होतं.

पण पट्टा काढला की तुझ्या फोनवर लाल ठिपका यायचा, आणि लाल ठिपका आला की तुझा फोन. दिवसातून तीनदा, चारदा. तू मीटिंगमधून बाहेर येऊन फोन करायचीस, तुझा आवाज दबलेला असायचा, मागे कुठलं तरी दार आपटायचं. मी खाली दुकानात गिऱ्हाइकासमोर असायचो. हातातलं टाकून तीन जिने पळत वर. आई पलंगावर शांत बसलेली, पट्टा उशीखाली. एकदा मी असाच धापा टाकत वर आलो तर ती न्हाणीघरात होती आणि पट्टा पलंगावर पडलेला. तू फोनवर 'सापडली का, सापडली का' करत होतीस, जशी काही आई हरवलीच होती. मी 'एक मिनिट' म्हणालो, आणि पट्टा उचलून माझ्या मनगटावर चढवला. लाल ठिपका गेला. तू एवढा मोठा श्वास सोडलास की मला इथे ऐकू आला.

तासाभरासाठी घातला होता. खरंच. आईला स्वस्थ अंघोळ करता यावी, तुला स्वस्थ काम करता यावं, मला ते मशीन पुरं करता यावं, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी परत घातला, तिसऱ्या दिवशी आईनं स्वतःच उशीखालून काढून माझ्यासमोर धरला. "घे, माझी तब्येत," म्हणाली. मग ते रोजचंच झालं. सकाळी आईचं वजन-प्रेशर झालं की मी पट्टा बांधायचो आणि शर्टाची बाही खाली ओढून दुकानात जायचो. माझ्या मनाशी हिशेब सोपा होता: महत्त्वाचे आकडे खरे जातायत ना, मग हा एक खोटा गेला तर काय बिघडलं.

आठवतंय, तू किती खूश होतीस? आई दिवसाला तीन हजार पावलं चालते! व्यायामाचे व्हिडिओ लागू पडले म्हणून तू तिकडच्या तुझ्या मैत्रिणींना सांगितलंस. मग तुझा गोंधळलेला मेसेज: 'दादा, आई आज नऊ मजले चढली असं दाखवतंय?' मी तुला लिहिलं, 'ते मजल्यांचं जरा बिघडलंय, पावलांचं बरोबर आहे.' आईला वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की चिमटा लावून ऑक्सिजन बघावा लागला. "आणखी दोन मजले चढले असते तर गच्चीवर पोचले असते," म्हणाली. आम्ही दोघं हसलो, आणि तेव्हाच तुला खरं सांगून टाकावंसं वाटलं. कारण तू खरंच आनंदली होतीस.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती लिहायला मला खोट्यापेक्षा जास्त लाज वाटते. एकदा दुकानात एक माणूस माझ्यावर ओरडला. त्याच्या मशीनचा टाका सुटत होता, मी दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा परत आला आणि चार लोकांत म्हणाला की तुमचे हात गेलेत आता. मी मशीन ठेवून घेतलं. तो गेला आणि खिशात फोन वाजला. तुझा मेसेज. 'आईची धडधड का वाढली? कुणी काही बोललं का तिला? पाणी दे, जवळ बस.' मी तो मेसेज वाचला, खुर्चीवर बसलो आणि पाणी प्यायलो. त्यानंतर मी त्या मेसेजची वाट बघायला लागलो, भिंगरी. वजनदार मशीन उचलून आणलं की तू विचारायचीस. जिन्यात मला थांबावं लागलं की तू विचारायचीस. पाच महिने तू माझ्या काळजाची चौकशी करत होतीस, आईच्या नावानं. मला इतक्यांदा कुणी विचारलेलं नव्हतं. आईसाठी पट्टा घालतो, असं मी स्वतःला सांगत होतो, पण शेवटी शेवटी मी तो स्वतःसाठीच घालत होतो.

जरा उठलो होतो. आई जागी झाली, तिला उठवून खुर्चीत बसवलं, खिडकी उघडून दिली. विचारते, "लिहिलंस का सगळं?" म्हटलं, अर्ध्यावर आलोय. म्हणाली, "अवघड अर्धं राहिलं असेल." तिला सगळं माहीत आहे. तिच्या सांगण्यावरूनच बसलोय.

गेल्या महिन्यात एका सकाळी सिस्टरचा फोन आला. त्या जरा घाईत होत्या. म्हणाल्या, "काका, आईंच्या ठोक्यांची रेघ या आठवड्यात चार वेळा वेडीवाकडी आली आहे. त्यांना आजच घेऊन या." तू तर त्यांच्याही आधी फोन केला होतास. मी आईला गाडीत घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून बघितलं, त्या वेळी सगळं सरळ. पण त्या म्हणाल्या की हे असंच असतं, येतं आणि जातं, पट्ट्यानं पकडलं हे नशीब. या वयात, अशा हृदयात, रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू. चिठ्ठी लिहून त्यांनी माझ्याकडे दिली.

तिथे मी बोलायला हवं होतं. दार लावलेलं होतं, समोर डॉक्टर होत्या, आई माझ्याकडे बघत होती. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाच महिन्यांचं एकदम उघडं पडेल, तू काय म्हणशील, सिस्टर काय म्हणतील, ही सगळी यंत्रं परत नेतील का. असलं सगळं डोक्यात एकदम गर्दी करून आलं. बाहेर येऊन म्हटलं, उद्या सांगतो. गोळ्या विकत घेतल्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, गोळीनं काय होतंय. आईनं गोळी हातात घेऊन दोन्ही दिवस माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि गिळली. तिला वाटलं असेल, मी काही ठरवलं असेल. तिला माझ्यावर तेवढा विश्वास आहे.

तिसऱ्या सकाळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. आधी थेंब, मग धार. मी नाक दाबून धरलं, बर्फ लावला, मान पुढे केली. थांबेना. तिचा पांढरा टॉवेल पाहता पाहता भिजला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझे हात चिकट झाले होते, फोन घसरत होता. अर्ध्या तासानं धार मंद झाली. आईचा चेहरा कागदासारखा झाला होता. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आता सांगून टाक रे. मला भीती वाटतेय."

मी सिस्टरना फोन लावला आणि सांगितलं. पाच महिने, सगळं, पावलं, मजले, रेघा. त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "म्हणजे ती वेडीवाकडी रेघ आईंची नाही?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "गोळी आत्ता बंद. रक्त पूर्ण थांबलं तरी आईंना घेऊन या, तपासायला हवं." मग विचारलं, "आणि काका, पट्टा आत्ता कुठे आहे?" माझ्याच मनगटावर होता, त्यावरही रक्त लागलं होतं. मी तसं सांगितलं, म्हटलं लगेच काढून टाकतो, परत नाही घालणार. त्या म्हणाल्या, "काढू नका. तुम्हीही या."

तोपर्यंत माझ्या डोक्यात ती गोष्ट आलीच नव्हती. तुला विश्वास बसेल? मी आवाजावरून मशीनचा दोष ओळखणारा माणूस. रस्त्यावरून जाताना वरच्या मजल्यावरच्या मशीनचा टाका सुटतोय हे मला खालून कळतं. आणि चार वेळा रेघ वाकडी आली, ती कुणाची, हे मी स्वतःला विचारलंच नाही. खोटं पकडलं जाईल याच काळजीत होतो.

आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठीक झाली. रक्त तपासलं, फार कमी झालेलं नाही. नाकाची नस बांधून घ्यावी लागली नाही. तिच्या हृदयाची रेघ दोन दिवस वायरी लावून पाहिली, तिचं जेवढं अशक्त होतं तेवढंच आहे, नवीन काही नाही. डॉक्टरीणबाई मला खूप बोलल्या. बोलणं बरोबर होतं, मी ऐकून घेतलं. सिस्टर मात्र मागाहून कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणाल्या, "आईंचे ठोके जिना चढल्यासारखे वाढतात हे मलाही दिसत होतं, मी विचारायला हवं होतं." पंचविशीची मुलगी आहे, चाळीस घरांचे आकडे एका वेळी बघते. मी म्हटलं, सिस्टर, चूक माझी आहे, तुम्ही नका घेऊ. आता पट्ट्याची गोष्ट आईशी बोलून मिटवली आहे. तो तिनं रोज सकाळी एक तास घालायचा, स्वतःच्या मर्जीनं, बाकी दिवस तिचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काटा आणि दंडाचा पट्टा रोज होत असेल तर तेवढं चालेल. तू लाल ठिपका बघून घाबरायचं नाहीस, एवढं आईचं मागणं आहे. त्या दिवसानंतर तुला पट्टा दुरुस्तीला दिलाय असं सांगितलं होतं, तेही खोटं होतं. हे शेवटचं.

आणि माझं. दोन दिवस छातीवर ठोके नोंदवणारी डबी बांधून फिरलो. कागद हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जिन्यात चक्कर येते?" येते. "किती दिवस?" मी म्हटलं, वर्षभर असेल, वय झालं म्हणून लक्ष दिलं नाही. त्यांनी बोटानं रेघ दाखवली. मध्येच माझं हृदय थांबतं, भिंगरी. चार सेकंद, एकदा तर पाच. मग परत सुरू होतं, गडबडीत, उशीर झालेल्या माणसासारखं. त्या म्हणाल्या, जिन्यात आईंना धरून असताना झालं असतं तर तुम्ही दोघं खाली आला असतात. कॉलरच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवायचं आहे, हृदय थांबलं की ते त्याला टोचून जागं करतं. मोठं काही नाही, दोन दिवस दवाखान्यात. मी अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, मला कशाची भीती, असं मी त्यांच्यासमोर हसून म्हटलं. घरी आलो आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सारखं मनगटावर बोट ठेवून मोजतो. मोजताना मध्ये जरा लांबलं की घाम फुटतो.

तू मला तीनदा विचारलंस, येऊ का दादा. दर वेळी मी 'कशाला, इथे सगळं नीट आहे' म्हटलं. त्यात थोडा माझा तोराही होता. तू सगळं उभं करून दिलंस, आता बघ मी कसं निभावतो. आणि थोडी भीती होती, की तू येशील आणि तुला दिसेल की निभावत नाहीये. मनात कधी कधी तुझ्यावर रागही यायचा, तुला आकडे दिसतात, आम्ही दिसत नाही. पण बघू देत नव्हतो मीच.

आता पत्र कशासाठी, ते. यंत्र बसवायची तारीख एकवीस आहे, ती पुढे ढकलायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. त्यानंतर सहा आठवडे मला डावा हात वर न्यायचा नाही आणि काही उचलायचं नाही. आईला हल्ली मी दिवसातून आठ-दहा वेळा उचलून बसवतो, उठवतो. ते कोण करणार, हा प्रश्न मी आईला विचारलाही नव्हता. सिस्टरनी एका केंद्राचं नाव दिलं, तिथे तेवढे दिवस ठेवून घेतात. आई लगेच "चालेल" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं बसल्या जागी आपली बॅग भरून दारापाशी ठेवायला लावली होती, समोरच्या घरातल्या कंडक्टरकाकांना. दोन गाऊन, चष्मा, तुझा फोटो. आज तीन दिवस ती बॅग तिथे आहे. येता-जाता मी तिला अडखळतो आणि उचलून आत ठेवायचं धाडस होत नाही. कुरियरवाला म्हणाला, पत्र पाच दिवसांत पोचेल, म्हणजे तुझ्या हातात हे आलं की पुढे आठवडाभर असेल. तुझी नोकरी, मुलीच्या परीक्षा, सगळं मला माहीत आहे, म्हणून सकाळपासून तीन कागद फाडले. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही आणि मागायचं कसं ते मला येत नाही. मला भीती वाटते आहे, भिंगरी. ये.

फोनची वाट बघतोय. या वेळी 'मजेत' म्हणणार नाही.

तुझाच,
दादा